विलायतेचा पंतप्रधान आणि गावाची शीव

कडुलिंब फुलला की मला विलायतेच्या पंतप्रधानांची आठवण येते. वर्गात किंवा पारावर हे बोलून दाखवलं तर लोक हसतील, म्हणून मी बोलत नाही. पण चैत्र लागतो, आमच्या युसूफ वडगावच्या शिवारातली ज्वारी काढून झालेली असते, रानं उघडी पडलेली असतात, दुपारचा वारा धसकटांतून सुसू करत फिरतो आणि त्या वाऱ्यावर लिंबाच्या फुलोऱ्याचा कडवट-गोड वास येतो. तो वास आला की मला आधी टाळ्या ऐकू येतात. लाल विटांच्या, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या दारांत उभ्या असलेल्या परक्या माणसांच्या टाळ्या. आणि त्या टाळ्या मोबाईलवर बघणारे माझे वडील, माळवदावरच्या सावलीत, चष्मा कपाळावर चढवून.

ते टाळेबंदीचं वर्ष होतं. शाळा बंद होत्या. मी केजच्या शाळेत शिकवतो, तेव्हा मी पण घरीच होतो. पाडव्याच्या दिवशीच सगळा देश बंद झाला होता. आईनं गुढी उभारली, पण तिच्या पाया पडायला शेजारचं कुणी आलं नाही. रस्त्यावरची वाहतूक थांबली तसे कधी न ऐकलेले आवाज ऐकू यायला लागले. ओढ्याच्या पलीकडं कुणी खोकलं तरी कळायचं. खोकल्याकडं सगळ्यांचे कान लागलेले असायचे, हे त्याचं खरं कारण.

माझी मोठी बहीण शालन तेव्हा इंग्लंडात होती. अजूनही आहे. तिला आम्ही आक्का म्हणतो. अंबाजोगाईला नर्सिंग शिकून, पुण्यात काही वर्षं काढून ती तिकडं गेली आणि उत्तरेकडच्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नर्स म्हणून लागली. एकटीच राहायची. तिचा फोन आमच्या दुपारी यायचा, तेव्हा तिकडं सकाळ असायची आणि ती कामावर निघालेली असायची. तिच्या मागं ओला रस्ता आणि राखाडी आभाळ दिसायचं, आणि इकडं आमच्या अंगाला घामाच्या धारा.

आमचे वडील, आबा, पूर्वी गावचे सरपंच होते. पद गेलं तरी बोलण्यातला सरपंच गेला नाही. कुठल्याही पुढाऱ्याकडं ते शेतकरी बैलाकडं बघतो तसं बघायचे. चाल कशी आहे, खांदा कसा आहे, मारका आहे का. इकडच्या पुढाऱ्यांबद्दलची त्यांची मतं कधीच ठरून गेली होती. पण त्या चैत्रात त्यांना एक नवीन पुढारी अभ्यासाला मिळाला. पोर ज्याच्या राज्यात अडकली होती, तो.

"काय म्हनतोय तिचा पंतप्रधान?" सकाळी दूध पिता पिता ते मला विचारायचे. मी मोबाईलवर इंग्रजी बातम्या काढून त्यांना मराठीत सांगायचो. त्यानं लोकांना घरात बसायला सांगितलंय. नातेवाइकांना भेटू नका म्हणालाय. दवाखान्यांवर भार येऊ देऊ नका म्हणालाय. आबा मान हलवायचे. "बरूबर बोलतोय. जरा उशिरा बोलला, पर बरूबर बोलतोय."

आक्कानं टाळ्यांचा व्हिडिओ पाठवला तो त्याच दिवसांत. दर गुरुवारी संध्याकाळी तिकडचे लोक दारात येऊन नर्सेस-डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायचे. पंतप्रधान पण आपल्या दारात येऊन वाजवायचा. आबांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. आमच्याकडं थाळ्या वाजून गेल्या होत्या, त्यामुळं त्यांना त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "ह्यो आपल्या पोरीसाठी वाजवतोय," ते आईला म्हणाले. आईनं मोबाईल हातात घेऊन त्या परक्या माणसाच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "वाजवू दे. पर तिला तोंडाला बांधायला काय मिळतंय का, त्ये विचार."

मिळत नव्हतं. आक्का ते आईला सांगायची नाही, मला सांगायची. अॅप्रन पुरत नाहीत, मास्क धुऊन वाळवून वापरतोय. निवासाच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक जण होता, तो गुरुवारी टाळ्या वाजवायला बाहेर यायचाच नाही. म्हणायचा, टाळ्या फुकट असतात, म्हणून मिळतात. पण असं म्हणणारे तेव्हा थोडे होते. बाकीच्या लोकांना आपल्या पंतप्रधानाबद्दल माया होती, आणि तो स्वतःच आजारी पडला तेव्हा ती माया दुप्पट झाली.

तो आजारी पडल्याची बातमी मी आबांना सांगितली तेव्हा ते गोठ्यात होते. हातातली पेंढी तशीच खाली ठेवून ते मारुतीच्या देवळाकडं चालू लागले. देऊळ बंद होतं. त्यांनी कुलपाला लागून पायरीवर नारळ ठेवला आणि हात जोडले. मी मागं उभा होतो.

"आबा, विलायतेच्या पंतप्रधानाला नारळ?"

"त्याला काय झालं तर पोरीकडं बगायला कोन हाय तिकडं?"

मला हसू आलं नाही. आम्हाला करता येण्यासारखं तेवढंच होतं. ज्याला आम्ही निवडलं नाही, जो आमचं नाव-गाव जाणत नाही, त्याच्या तब्येतीवर आमच्या घराचा जीव टांगलेला होता. आणि तो बरा होऊन आला, टीव्हीवर त्यानं नर्सेसचे, परदेशातून आलेल्या नर्सेसचेही आभार मानले, त्या दिवशी आबांनी शेजारच्या भिंतीवरून चार घरांना ही बातमी पोचवली. तेव्हा पार ओस पडला होता. गावाची सगळी चर्चा भिंतींवरूनच चालायची.

आक्काच्या निवासात केनेथ नावाचे एक म्हातारे होते. त्यांची बायको डोरोथी, आमच्या आबांच्याच वयाची, जवळच्या गल्लीत एकटी राहायची. आत कुणाला सोडायचं नाही असा हुकूम आल्यापासून ती रोज घडीची खुर्ची काखेत मारून यायची आणि केनेथच्या खिडकीबाहेर फुलांच्या वाफ्यात बसायची. काचेच्या आत तो, बाहेर ती. आक्का मध्ये उभी राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची, कारण केनेथना कमी ऐकू यायचं.

डोरोथीनं त्या पंतप्रधानाकडं बघूनच त्याच्या पक्षाला मत दिलं होतं, आणि त्यावरून तिची शेजारणीशी भांडणं झाली होती. आक्कानं एकदा तिला विचारलं, एवढा काय आवडतो तुम्हाला? ती म्हणाली, तो हसवतो. टीव्हीवर बाकीचे आले की मला कुणीतरी बिल घेऊन आल्यासारखं वाटतं, आणि तो आला की भाचा आल्यासारखं वाटतं. आक्कानं हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "बाई शानी हाय. लोक आसंच मत देत्यात. मीबी तसाच निवडून आलतो."

इकडं आमच्या गावानं शीव बंद केली होती. केजच्या रस्त्याला बाभळीच्या फांद्या, त्यावर एक मोडकी बैलगाडी आडवी. गावानं एक समिती केली आणि आबांना तिच्यावर बसवलं, म्हणजे ते स्वतःच बसले. सकाळ-संध्याकाळ देवळाच्या भोंग्यावरून त्यांचा आवाज यायचा. "कुनी शीव वलांडायची न्हाई. बाहीरचं मानूस आत घ्यायचं न्हाई. तिकडं विलायतेत माझी पोर हाय. तिथला पंतप्रधान, सगळ्या देशाचा धनी, त्योबी कोंडून घेऊन बसला. त्याला जमलं, मग आपल्याला कावून जमू न्हाई?"

लोक ऐकायचे. आबांच्या शब्दापेक्षा त्या लांबच्या माणसाच्या नावाला वजन होतं. एवढा मोठा माणूस पाळतोय म्हटल्यावर आपण कोण, असं गावाला वाटायचं. मलाही वाटायचं.

सटवानाना आले ते त्याच आठवड्यात. सटवानाना म्हणजे आमच्या गावचे धनगर, आबांच्या बरोबरीचे. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. दरवर्षी ते मेंढरं आणि चार शेळ्या-बोकडं घेऊन गोदावरीच्या काठाला, गंगथडीला जायचे आणि चैत्रात परत यायचे. मग त्यांची मेंढरं आमच्या रिकाम्या रानात बसायची, रानाला खत मिळायचं. त्या वर्षी ते आले तेव्हा रस्त्यावर बाभळीच्या फांद्या होत्या. त्यांची बायको, गयाकाकू, गावातच होती. तिला जुना दमा होता आणि आठवडाभर तो उठला होता.

मी आबांबरोबर शिवेवर होतो. फांद्यांच्या पलीकडं सटवानाना काठीवर हनुवटी टेकून उभे, त्यांच्या मागं रस्ताभर मेंढरं.

"गयाचा दमा उठलाय म्हनत्यात," ते म्हणाले.

"ठाव हाय मला. डाक्टरची गोळी दिलीया तिला. पर सटवा, तू लई गावं फिरून आलाय. तुला आत घेता येत न्हाई."

"मी उंबऱ्याच्या आत जात न्हाई. लांबूनच बगतो."

"आज तुला सोडलं तर उद्या कुनाला आडवू मी? आरं, तिकडं विलायतेत बाया काचंतनं नवरं बगत्यात. समदे पाळायलेत. पंतप्रधान पाळायलाय."

सटवानानांनी आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," एवढंच म्हणाले आणि मेंढरं ओढ्याच्या पलीकडं माळावर वळवली. लिंबाची दोन झाडं आहेत तिथं. त्यांच्याखाली त्यांनी पाल टाकलं. मी रोज भाकरी नेऊन दगडावर ठेवायचो आणि मागं सरायचो. ते यायचे, भाकरी घ्यायचे आणि विचारायचे, "गया काय म्हनती?" गयाकाकू काही म्हणण्याच्या पलीकडं चालली होती, पण मी सांगायचो, बरी आहे, तुमची आठवण काढते.

तिला केजला न्यायचं ठरलं त्याच दुपारी ती गेली. गाडी दारात उभी होती आणि ती आत श्वास ओढता ओढता थांबली. आई जवळ होती. तो दमाच होता, साथ नव्हती, पण ते नंतर ठरलं. त्या वेळी कुणाची खात्री नव्हती. लेक धर्मापुरीला दिलेली, तिला येता आलं नाही. अग्नी पुतण्यानं दिला. आबांनी सटवानानांना सांगितलं, ओढ्याच्या पलीकडनं बघ, गावाबाहेर काढायचे थोडेच दिवस राहिलेत तुझे.

ते पलीकडच्या दरडीवर उभे राहिले. सूर्य मावळतीकडं कललेला. मेंढरं त्यांच्या पायांशी चरत होती, त्यांना काय त्याचं. धूर सरळ वर न जाता वाऱ्यानं त्यांच्याकडंच गेला, आणि मला आठवतंय, त्यांनी तोंड वळवलं नाही. आबा पण या बाजूला उभे होते, पंच्याचा बोळा तोंडाशी धरून. मध्ये ओढा, घोट्याएवढंसुद्धा पाणी नाही.

त्याच सुमारास तिकडं केनेथना ताप आला. त्यांना निवासाच्या मागच्या बाजूच्या खोलीत हलवलं. त्या खोलीची खिडकी एका भिंतीकडं उघडायची, त्यामुळं डोरोथीची खुर्ची वाफ्यात रिकामी खिडकी बघत राहिली. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ नाही. डोरोथी फाटकाशी आली. आत सोडायचं नाही असा वरून आलेला नियम होता आणि दारात उभी होती ती आक्का.

"मला वाटलं भांडंल, रडंल," आक्का फोनवर सांगत होती. "मी मनात ठरवलंतं, तिनं एक पाऊल पुढं टाकलं तर मी बाजूला व्हायचं. पर ती न्हाई आली. म्हनली, पंतप्रधान स्वतः मरनाच्या दारातनं आले, ते सांगतायत तर त्यात अर्थ असंल. तू आत जा, त्याच्याजवळ थांब."

केनेथ त्याच दिवशी गेले. डोरोथीला फोन आक्कानंच केला.

वैशाखात, बंधनं तशीच असताना, जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याच्या घरी साखरपुडा होता. पाटोद्याकडच्या त्यांच्या शेतात, बंगल्यावर. आबांना निरोप आला. आई म्हणाली, जाऊ नका. आबा म्हणाले, न जाऊन कसं चालंल, उद्या गावाच्या पाण्याच्या टाकीचं काम त्यांच्याकडंच न्यायचंय. गाडी पास लावून आली, आबा बसून गेले. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी अंगणातच अंघोळ केली. "लई मानसं होती का?" आईनं विचारलं. "होती थोडी," आबा म्हणाले आणि जेवत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर पुन्हा त्यांचा आवाज आला. कुनी शीव वलांडायची न्हाई.

मग काळ गेला. दुसरी लाट येऊन गेली, तिनं आमच्या गल्लीतली दोन घरं अर्धी केली. लस आली. आक्काला आमच्या कितीतरी आधी मिळाली, तेव्हा आबांनी त्या पंतप्रधानाचं पुन्हा एकदा कौतुक केलं. सटवानाना गावात परत आले, एकटेच भाकरी थापायला शिकले. आबा आणि ते एकमेकांशी पूर्वीसारखेच बोलायचे. पूर्वीसारखे म्हणजे थोडं.

ती बातमी आली तेव्हा थंडी होती. ज्वारी हिरवी, कणसांत हुरडा भरत आलेला. आम्ही रानात बसलो होतो. आबा बाजेवर, सटवानाना खाली मांडी घालून एका कोकराच्या लोकरीत अडकलेली कुसळं काढत. मी मोबाईलवर वाचत होतो आणि वाचता वाचता थांबलो.

"काय झालं?" आबा म्हणाले.

मी सांगितलं. तिकडं एका घरच्यांनी दुसऱ्या घरच्यांना भेटायची बंदी होती तेव्हा पंतप्रधानाच्या कचेरीत बैठकी झाल्या. खाणं-पिणं, दारू. आधी म्हणाले, झाल्याच नाहीत. आता एक एक बाहेर येतंय.

"परत वाच," आबा म्हणाले. मी परत वाचलं.

"आसंल कायतरी. कामाची मानसं होती, बसली आसतील घडीभर," आबा म्हणाले. मग म्हणाले, "लस तर त्यानंच लवकर दिली का न्हाई?"

सटवानाना कुसळं काढत होते. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "तिकडंबी बोकडं कापली का?"

"नाही नाना, तसं नसतं तिकडं."

"आसं." कोकराला त्यांनी दुसऱ्या कुशीवर वळवलं. "पाटोद्याच्या जेवनाला माझीच बोकडं गेलती."

आबांनी बाजेवरून पाय खाली घेतले. "तुला कुनी सांगितलं?"

"जीपवाल्यानंच. बाजार बंद व्हता, म्हनून माळावर आलते त्ये. गयाचा दिवस घालून झालता नुकताच. म्हनला, साखरपुडा हाय, तुमच्या गावचे आबाबी येनार हायेत. मी म्हनलं, मग चांगली दोन निवडून न्या."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. मित्र जेवायला जाणार म्हणून त्यांनी खरोखरच चांगली दोन निवडून दिली होती. आबा उठले आणि पिकातून चालत विहिरीकडं गेले. ज्वारी त्यांच्या खांद्याला लागत होती. बराच वेळ नुसती त्यांची टोपी हलताना दिसत होती. त्या दिवसानंतर आबांनी विलायतेच्या पंतप्रधानाचं नाव काढलं नाही, आणि देवळाच्या भोंग्यावरून बोलायलाही ते पुन्हा कधी गेले नाहीत.

आक्काला मी त्याच आठवड्यात विचारलं, तुमच्याकडं लोक काय म्हणतात? ती म्हणाली, स्वयंपाकघरातला तो माणूस म्हणतो, मी सांगत होतो. बाकीचे सुन्न आहेत. आणि मग तिनं जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. निवासाच्या दिवाणखान्यात टीव्ही लागला होता. पंतप्रधानाच्या माणसांचं एक चित्रण दाखवत होते. लोकांनी विचारलं तर त्या बैठकीबद्दल काय उत्तर द्यायचं, याची ते आपसात रंगीत तालीम करत होते आणि हसत होते. "आमच्या म्हाताऱ्यांना वाटलं, विनोदी कार्यक्रम लागलाय," आक्का म्हणाली. "तेबी हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. दारू प्याले त्याचं मला काय न्हाई रे. हसन्याचं लागलं."

डोरोथी नाताळला निवासात मिठाई घेऊन आली, दरवर्षीसारखी. पंतप्रधानाचा विषय आक्कानं काढला नाही, तिनंच काढला. म्हणाली, आता तो टीव्हीवर आला की मी आवाज बंद करते. पण चेहरा बघत राहते. त्याला कधी काही वाटतंय का, तेवढंच बघत राहते.

पुढं तो पायउतार झाला. मी आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "लोकांनी काढला का?"

"नाही. त्याच्याच पक्षातल्यांनी."

"मग लोकांनी काय केलं?"

"लोक बघत होते."

आबांनी मान हलवली. हे त्यांना कळण्यासारखं होतं.

आपल्या भाषेत मत या एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत. मनात असतं ते मत, आणि पेटीत पडतं तेही मत. माझ्या आबांचं त्या माणसाबद्दल मत होतं, सटवानानांचंही असेल, पण त्याचा त्या पेटीशी काही संबंध नव्हता. आमची मतं म्हणजे ओढ्यात टाकलेले खडे. संबंध होता तो आक्काचा. तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही मत देता येतं. निवडणूक आली तेव्हा ती डोरोथीला हाताला धरून मतदानाला घेऊन गेली. दोघींनी इतकी वर्षं मनात काय काय साठवलं होतं. आत जाऊन कागद उघडला तर तो उमेदवार नव्हताच. तो त्याआधीच राजकारण सोडून गेला होता, आणि असता तरी त्या गावातून नसता. आक्का म्हणाली, पेन्सिल हातात धरून मी नुसती उभी राहिले. कुणावर राग काढू हेच कळंना. डोरोथीनं कुणाला मत दिलं ते तिनं सांगितलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, चल, चहा घेऊ.

मागच्या चैत्रात आक्का आली. सटवानानांची मेंढरं आमच्या रानात बसली होती. ती त्यांना भेटायला गेली, मी बरोबर होतो. आबा थोडं मागं, काठी टेकत. इकडचं तिकडचं झालं. पाऊस, मेंढरांचे रोग, तिकडची थंडी. मग सटवानानांनी विचारलं, "तुझ्या तिथला त्यो म्हातारा. बायकू काचंतनं बगायची त्यो. तुझे आबा सांगायचे."

"केनेथ."

"त्यो गेला तवा त्याच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

मला वाटलं, तिकडं अशी पद्धत नाही, असं ती सांगेल.

"कुनीच न्हाई, नाना," ती म्हणाली. "मी पलीकडच्या खोलीत होते. तिथंबी एक जन चाललाता. आमी दोघीच होतो त्या पाळीला. मी परत आले तवा केनेथ गेलते."

"आन् त्याच्या बायकूला?"

"तिला सांगितलं, मी होते. हात धरला होता म्हनून. मला दुसरं काय सुचलंच न्हाई."

आबा मागं उभे होते. आक्कानं हे इतकी वर्षं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. सटवानानांनी ओंजळभर माती उचलून पुन्हा खाली सोडली. म्हणाले, "तिला आता खरं सांगू नको, बाई."

"सांगत न्हाई," आक्का म्हणाली. "ती आता आमच्यातच राहायला आलीया. तिला लई काय आठवत न्हाई आता."

यंदा पुन्हा लिंब फुललाय. काल दुपारी आक्काचा फोन आला. मी माळवदावर होतो. तिच्याशी बोलता बोलता मागून एक बारीक, थरथरता आवाज आला. आक्का म्हणाली, "थांब रे जरा, डोरोथी हाक मारतीया." तिनं फोन कुठंतरी टेबलावर ठेवला असावा, कारण मला छत दिसायला लागलं. पंतप्रधान कोण होता, मत कुणाला दिलं होतं, शेजारणीशी भांडण कशावरून झालं, यातलं डोरोथीला आता काही माहीत नाही, हे आक्कानं मला सांगितलंच होतं. नवरा होता आणि तो गेला, एवढं तिला ठाऊक आहे. तो कसा गेला हे ती रोज विचारते.

मी ते पांढरं छत बघत ऐकत राहिलो. आक्का इंग्रजीत, हळू, एक एक शब्द सुटा करून सांगत होती. मी त्याच्या उशाशी बसले होते. त्याचा हात गरम होता. त्यानं तुझं नाव घेतलं. मग काल नव्हतं असं काहीतरी तिनं त्यात घातलं असावं, कारण डोरोथी हसली आणि म्हणाली, हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस.

आक्का म्हणाली, "राहून गेलं होतं."